गाडीतून आलेलं पिल्लू

माझा भाऊ चैत्रात गेला आणि पोळ्यानंतरच्या आठवड्यात आमच्या घरी ग्रेट डेन जातीचं पिल्लू आलं. ते माझ्या भाच्यानं, म्हणजे भावाच्या मुलानं आणलं. भाचा राजकारणात आहे. नक्की कुठल्या पदावर ते मला सांगता येणार नाही, कारण त्याच्या फ्लेक्सवर दर वेळी नवं पद असतं. वडील गेले तेव्हा मिरजगावच्या चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला होता. त्यात खालच्या कोपऱ्यात तो स्वतः हात जोडून उभा होता आणि तो फोटो वडिलांच्या फोटोपेक्षा थोडा मोठा होता. इतरांच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं, कारण मी आयुष्यभर मुलांच्या वह्यांतले समास तपासले आहेत.

मी जामखेडच्या एका शाळेत मराठी शिकवायचे. लग्न केलं नाही. निवृत्त झाले तेव्हा भाऊ म्हणाला, "खोली रिकामीच हाय, पुस्तकं घेऊन ये." तेव्हापासून मी इथं वस्तीवर राहते. गाव दीड किलोमीटरवर. भाचा आणि सूनबाई कर्जतला असतात. इथं तेव्हा भाऊ, वहिनी, मी, आणि गोठ्यामागच्या खोलीत अण्णा. अण्णा भावाकडे तीस वर्षांपूर्वी सालानं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर, राहिले आणि मग परत गेलेच नाहीत.

आणि एक कुत्रा. गावठी, तांबूस, एका कानाची टोकाशी चिंधी झालेली. सात वर्षांपूर्वी कांद्याच्या चाळीखाली सापडला होता. त्याला नाव नव्हतं. भाऊ "ए" म्हणायचा, आणि हे 'ए' आपल्याला की घरातल्या आणखी कुणाला, ते कुत्र्याला बरोबर कळायचं. आम्हाला काही वेळा कळायचं नाही.

भाऊ गेल्यावर वहिनींचं बोलणं बंद झालं. म्हणजे 'जेवायला वाढू का' आणि 'दळण संपलं' एवढं होतं, पण ते बोलणं नव्हे. सकाळी अकराच्या सुमाराला मात्र त्या कुत्र्यासाठी वेगळी भाकरी थापायच्या, ताकात कुस्करायच्या आणि परसात त्याच्यासमोर पाट टाकून बसायच्या. तो खायचा आणि त्या बोलायच्या. म्हैस कशी अडून बसली, कुणाचा फोन आला, बाजरीला पाखरं किती झालीत, अण्णांनी चहात किती साखर टाकली. मधे एखादा प्रश्नही असायचा. "मग काय करायचं मी?" कुत्रा वाडगं चाटत राहायचा. माझ्या खोलीची खिडकी तिकडेच उघडते. मी हातात पुस्तक धरून ऐकायचे. चैत्रापासून मी एकाच पुस्तकाच्या एकाच प्रकरणात होते. वाईट पुस्तक नव्हतं. अक्षरं दिसायची, वाक्यं लागायची नाहीत, आणि त्याचं मला काही वाटायचंही नाही. पंधरा दिवस मी बिनसाखरेचा चहा पीत होते हे मला अण्णांनी सांगितलं.

पिल्लू आणायचं कारण साधं होतं. निवडणूक जवळ आली होती. भेटायला येणाऱ्यांना मळ्यावर बोलवायचं, लिंबाखाली खुर्च्या टाकायच्या आणि दारात एक दांडगं कुत्रं असायचं, असं भाच्यानं एका मोठ्या पुढाऱ्याकडे पाहिलं होतं. मोठ्या पुढाऱ्याकडच्या बाकी गोष्टींना वेळ लागतो. कुत्रं लगेच आणता येतं.

रविवारी सकाळी मोठी पांढरी गाडी आली, मागून दोन मोटारसायकलींवर चार कार्यकर्ते. त्यातल्या एकाकडे व्हिडिओचं काम होतं. गाडीचं मागचं दार उघडलं आणि करड्या रंगाचं, घोड्याच्या शिंगराला शोभतील अशा पायांचं एक जनावर खाली उतरलं. वय साडेतीन महिने. उंची आमच्या कुत्र्याएवढी. पाय पुढच्या वर्षीचे आणि अंग यंदाचं, असं दिसत होतं. उतरल्या उतरल्या ते ओकलं. व्हिडिओ परत घ्यावा लागला. त्याच्या कागदपत्रांवर जे नाव होतं ते एखाद्या विलायती सरदाराचं असावं, घरात कुणालाही ते दोनदा सारखं उच्चारता आलं नाही. शेवटी पिल्लूच राहिलं.

सूनबाईंनी त्याला दारात ओवाळलं. कपाळावर कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, त्या त्यानं नाकावरून चाटून खाल्ल्या. कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी आतल्या दारात उभ्या होत्या. ताट त्यांनीच तयार करून दिलं होतं, पण ओवाळायला त्यांना कुणी बोलावलं नाही आणि त्याही पुढे आल्या नाहीत. या घरात बैल आले, ट्रॅक्टर आला, पिठाची गिरणी आली, सगळ्यांना वहिनींनी ओवाळलं होतं. आता कुत्र्याच्या पिल्लालाही त्या चालत नव्हत्या. हे कुणी ठरवून केलं नाही. ठरवून केलं असतं तर भांडता आलं असतं.

एवढा वेळ आमचा कुत्रा गोठ्यात बैलांशेजारच्या खुंट्याला बांधलेला होता. पाहुण्यांना त्रास नको म्हणून. तिथून दार समोर दिसतं. तो भुंकला नाही. पुढचे दोन पाय टेकून सगळा कार्यक्रम बघत होता.

भाच्यानं पिल्लाला ओसरीवर नेलं. तिथं भावाच्या बाजेखाली एक गोणपाट असायचं. कुत्रा सात वर्षं त्यावर झोपत आला होता. पिल्लाला ते आवडलं, ते त्यावर आडवं झालं. "बघा, लगेच आपलं मानलं घर," भाचा म्हणाला. मग त्यानं अण्णांना कुत्रा सोडायला सांगितलं.

कुत्रा सरळ ओसरीवर आला आणि थांबला. पिल्लानं त्याला पाहिलं, आनंदानं उठलं आणि सगळं अंग घेऊन त्याच्या अंगावर पडलं. एक आवाज झाला आणि पिल्लू किंचाळत सूनबाईंच्या पायात शिरलं. कानाला ओरखडा होता, रक्ताचे चार थेंब. कार्यकर्त्यानं व्हिडिओ बंद केला.

भाच्यानं चढ्या आवाजात काही म्हटलं नाही. तो सभेत बोलतो तसा हळू आणि ठाम बोलला. "आई, दोन आठवडे बघू. जमलं तर ठीक. न्हाई तर त्या रविवारी मामा येणारच हाय नेवाशाहून, त्याच्या वस्तीवर ह्याला देऊ पाठवून. तिकडं ऊस हाय, मोकळं रान हाय. मजेत राहील."

"बरं," वहिनी म्हणाल्या.

मला वाटलं होतं त्या आणखी काही म्हणतील. त्यांनी फडकं आणून ओसरीवरचं रक्त पुसलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता भाकरी कुस्करून झाली, पाट टाकून झाला, पण कुत्रा आला नाही. तो चाळीखाली जाऊन बसला होता. वहिनी वाडगं घेऊन पाटावर बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशीही तेच. त्या दोन दिवसांत परसातून एक शब्द ऐकू आला नाही. मी पुस्तक मिटून ठेवलं.

बुधवारी अण्णांनी विषय हातात घेतला. त्यांचं म्हणणं असं की जनावराला जनावराची ओळख करून देणं यात नवीन काही नाही. नवा बैल आला की जुन्याच्या दावणीला, शेजारच्या खुंट्याला बांधायचा. गव्हाण एकच. दोन दिवस शिंगं हालवतील, फुसफुसतील, मग एका पेंढीत तोंड घालतील. "त्यांला पळायला जागा ठिवायची न्हाई, ताई. जागा ठिवली की भांडान. जागा न्हाई ठिवली की संसार."

"अण्णा, हे बैल नाहीत."

"न्हाईत. पर बैल ह्यांच्यापरास दांडगं असत्यात. ते ऐकत्यात, मग हे का न्हाई ऐकनार?"

 मी त्यांना अडवलं नाही. वहिनीही गोठ्याच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांनी नको म्हटलं नाही. अण्णांनी दोघांना आखूड दाव्यांनी एका गव्हाणीच्या दोन बाजूंना बांधलं आणि मधे दूधभाकरीचं एकच घमेलं ठेवलं.

पिल्लानं तोंड घातलं. कुत्र्यानं दोन दिवस काही खाल्लं नव्हतं. त्यानं आधी ओठ वर उचलून दात दाखवले. हे त्यानं नीट, सावकाश केलं, पण पिल्लाला ती भाषा येत नव्हती, आणि मागं सरायला दाव्यात जागा नव्हती. मग जे झालं ते फार थोडा वेळ झालं. घमेलं उलटं झालं. पिल्लाच्या नाकाशेजारी कातडी फाटली. अण्णांनी मधे हात घातला, तो कुत्र्याच्या तोंडात गेला. वहिनींनी बैलांच्या हौदातून बादली भरून दोघांवर ओतली, मग दुसरी, तेव्हा ते सुटले. अण्णा तळहात धरून उभे होते. "बैल चावत न्हाईत," ते म्हणाले. जणू हा मुद्दा कुणी आधी सांगायला हवा होता.

त्यांना आरोग्य केंद्रात इंजेक्शनांसाठी पाठवलं आणि मी पिल्लाला घेऊन रिक्षानं जनावरांच्या दवाखान्यात गेले. वाटेत ते माझ्या मांडीवर बसायचा प्रयत्न करत होतं. मांडी पुरली नाही. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, गाईला सलाईनची नळी लावून आल्या होत्या, हात धुऊन त्यांनी दोन टाके घातले. कसं झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं. ओवाळण्यापासून दावणीपर्यंत सगळं.

त्या हसल्या नाहीत. "म्हणजे जुन्याला बांधून त्याच्या डोळ्यांदेखत नव्याचा सत्कार केला, मग त्याचं अंथरूण दिलं, मग त्याचं जेवण. आणि चावला म्हणून तो वाईट."

"हो."

"मी असते तर मीही चावले असते." मग त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. घरात भेट घालूच नका. घर जुन्याचं आहे. जी जागा दोघांचीही नाही तिथं न्या, लांबलांब चालवा, रोज थोडं जवळ आणा. खाणं वेगळं, आधी जुन्याला. गोणपाट परत करा. आणि हे दिसतं थोराड, पण लहान मूल आहे, हाडं कच्ची आहेत, पंधरा-वीस मिनिटांच्या वर चालवू नका. "जुन्यालासुद्धा हेच कळत नसणार. वास पिल्लाचा आणि माप मोठ्या कुत्र्याचं. तो गोंधळलाय."

मी परत आले तेव्हा भाच्याचा फोन येऊन गेला होता. अण्णांच्या हाताची बातमी त्याला आरोग्य केंद्रातूनच कुणी तरी दिली होती. दोन आठवडे बघणं वगैरे आता राहिलं नव्हतं, त्या रविवारी कुत्रा जाणारच, मामाला गाडीत दोर टाकून आणायला सांगितलंय, असं तो म्हणाला होता. वहिनी त्यालाही 'बरं' म्हणाल्या होत्या. रविवारला अजून अकरा दिवस होते.

संध्याकाळी मी डॉक्टरीणबाईंचं बोलणं दोघांना सांगितलं. अण्णा पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून ऐकत होते. 

"बरूबर हाय तिचं," ते म्हणाले. "आमी बैल बाजारातून आनायचो ते चालवत आनायचो. जुना घिऊन जायचो संगं. दोन दिसाची वाट. कुनाचंच घर न्हाई, कुनाचीच गव्हान न्हाई. घरी येस्तवर निम्मी वळख रस्त्यातच झाल्याली असायची. दावन नंतर. ह्ये पिल्लू गाडीतनं आलं. मी रस्ता सोडला आन् एकदम दावन धरली."

तीस वर्षांत अण्णांनी चूक कबूल केलेली मी पहिल्यांदा ऐकली. पण अडचण वेगळीच होती. कुत्रा अण्णांच्या जवळ जाईना. माझ्याबरोबर तो फाटकापर्यंत यायचा आणि मागं बघून बसायचा. तो चालला असता तर वहिनींबरोबरच. आणि वहिनी चैत्रापासून फाटकाबाहेर गेल्या नव्हत्या. नवरा गेलेल्या बाईनं वर्षश्राद्ध होईपर्यंत उगाच हिंडू नये, असं आमच्याकडे अजून मानतात. त्यांना कुणी मनाई केली नव्हती. कुणी 'जा' असंही म्हटलं नव्हतं.

दोन दिवस टाके ओले म्हणून गेले. शनिवारी सकाळी वहिनी माझ्या दारात आल्या.

"ताई, माझ्या चपला कुठं ठेवल्यात सूनबाईनं?"

त्या माळ्यावर एका पिशवीत सापडल्या. धूळ झटकताना वहिनी त्यांच्याकडे उगीच बघत राहिल्या. मग घालून दोन पावलं टाकली. "घट्ट झाल्यात," म्हणाल्या.

आमच्यापासून जवळच एक पाझर तलाव आहे. त्याच्या बांधावरून बैलगाडी जाईल एवढी वाट जाते. ती आमची नाही, कुणाचीच नाही. पुढे वहिनी आणि कुत्रा, मागं पन्नास पावलांवर मी आणि पिल्लू, त्याच्याही मागं अण्णा, एका हाताला पट्टी आणि दुसऱ्या हातात सवयीनं चाबूक. ते मागून सूचना देत होते. "जुना म्होरं! नव्याला म्होरं घालू नका, जुना रुसतो! ताई, आतल्या अंगाला ओढा त्येला!" ओढायला मी त्याला ओढत नव्हतेच, ते मला ओढत होतं. एक मोटारसायकलवाला थांबला आणि त्यानं नीट निरखून विचारलं, "बाई, वासरू घेतलं काय?"

"हो," मी म्हटलं. "दूध देत नाही एवढंच."

पहिल्या दिवशी कुत्रा दर दहा पावलांवर थांबून मागं बघायचा आणि घशातून आवाज काढायचा. वहिनी त्याला "चल" म्हणायच्या. तो चालायचा. तिसऱ्या दिवशी अंतर तीस पावलांवर आलं. त्याच दिवशी भांगलायला निघालेल्या तीन बायका समोरून आल्या. त्यातली एक भावकीतली, वहिनींची चुलतजाऊ.

"काय गं बाई, कुत्र्यांची वरात कुठं निघाली?" ती म्हणाली. मग आवाज उतरवून, पण आम्हाला ऐकू जाईल इतकाच उतरवून, "वरीस व्हायच्या आत भाईर पडलीस व्हय?"

मी वहिनींकडे बघितलं नाही.

"कुत्र्याला हिंडवायचंय," वहिनी म्हणाल्या. "त्याला पंचांग वाचता येत न्हाई."

दुसऱ्या बाईला हसू आलं, तिनं पदर तोंडाला लावला. चुलतजाऊ म्हणाली, "पोरगं निवडणुकीला हुबं राहतंय आन् आई कुत्री हिंडवती," आणि पुढे गेली. वहिनी चालत राहिल्या. थोड्या वेळानं पुढून त्यांचा आवाज आला. त्या कुत्र्याशी बोलत होत्या. "बघितलीस का तिची पैठणी? भांगलायला निघाली पैठणी नेसून." पैठणी नव्हती, साधं काठाचं लुगडं होतं, पण मी दुरुस्ती केली नाही.

घरी दोघांच्या जागा वेगळ्या केल्या. गोणपाट बाजेखाली परत गेलं. पिल्लाला पलीकडच्या भिंतीशी जुनी सतरंजी दिली. वाडगी दोन, आधी कुत्र्याचं, मग परसाचं दार लावून पिल्लाचं. पिल्लू दारामागून रडायचं. त्याचा आवाज अंगाला अजिबात शोभत नव्हता.

बुधवारी तलावाच्या बांधावर मेंढरांचा कळप समोर आला. पिल्लानं मेंढरं कधी पाहिली नसावीत. दोनशे पायांचा तो गोंधळ अंगावर येताना बघून ते आधी बसलं, मग आडवं झालं, मग चारी पाय वर करून पाठीवर पडलं आणि मुतलं. एवढं मोठं धूड, आणि पोटावरची कातडी गुलाबी. मी त्याला उठवायला लागले, ते उठेना. कळप बाजूनं निघून गेला. धनगर म्हणाला, "राखनीला ठिवलंय का हे?" आणि थांबलाही नाही.

मी मान वर केली तेव्हा कुत्रा परत फिरून आमच्याजवळ आला होता. वहिनींच्या हातात दोर सैल होता, त्यांनी ओढला नाही. अण्णा मागून काही ओरडणार होते, ते थांबले. कुत्र्यानं आधी मुताचा वास घेतला. मग पिल्लाच्या पोटाचा, मग मागचा, मग फाटलेल्या नाकाचा. तलाठी उतारा बघतो तसा, कसलीही घाई न करता. पिल्लू श्वास धरून पडून होतं. वास घेऊन झाल्यावर कुत्रा एकदा शिंकला आणि वळून पुढे चालू लागला. बस. त्याला बहुधा तेव्हा कळलं की हे पिल्लू आहे. त्यानंतर तो मागं बघून गुरगुरला नाही. अंतर पाच पावलांवर आलं तरी नाही.

रविवारी आम्ही फेरी मारून आलो तेव्हा लिंबाखाली पिकअप उभी होती. मामा, म्हणजे वहिनींचे थोरले भाऊ, बाकड्यावर बसले होते. त्यांच्याशेजारी दोर होता. भाचाही आला होता, बरोबर दोन कार्यकर्ते. वहिनींनी दोन्ही कुत्र्यांचे दोर सोडले. कुत्रा भिंतीच्या सावलीला बसला. पिल्लू त्याच्यापासून हातभर अंतरावर बसलं, मग सरकून त्याच्या वाडग्यात डोकावलं. कुत्र्यानं ओठ वर केला. पिल्लू मागं सरलं.

"बघितलं?" भाचा म्हणाला. "अजून गुरगुरतोय."

"गुरगुरणारच. मोठा हाय तो," वहिनी म्हणाल्या. "आन् ते मागं सरलं, ते न्हाई बघितलंस?"

"आई, ऐक माझं. इथं रोज पन्नास माणसं येणार आता. अण्णांना चावला. उद्या मतदाराला चावला तर? लोक फोटो काढून टाकतात."

"मीच चावायला लावलं त्येला," अण्णा गोठ्यातून म्हणाले. कुणी लक्ष दिलं नाही.

"तिकडं मजेत राहील तो. मामा, सांगा की आईला."

मामांनी दोर उचलला, परत ठेवला. "मी काय सांगू? मला कुत्रं न्यायला बोलावलं, मी आलो."

वहिनी उन्हात उभ्या होत्या. पाच महिन्यांत मी त्यांना अंगणाच्या मधोमध उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. त्या नेहमी कुठल्या तरी दाराच्या चौकटीत असायच्या.

"दादा, गाडीत म्होरं किती माणसं बसत्यात?"

"डायवर सोडून एक. दाटीवाटीनं दोन."

"मग कुत्रं मागं बांध आन् मी म्होरं बसते."

भाचा हसला. "तू कुठं निघालीस?"

"माहेरी. तिथं त्याला अकरा वाजता भाकरी कोन घालनार? दादाची बायको? ती माणसांना एक वाजता वाढती."

"खरंय," मामा म्हणाले.

"आई, काही तरीच काय. लोक काय म्हणतील?"

"म्हनू देत. मी काय तिथं कायमची ऱ्हाईन असं न्हाई. कुत्रं हाय तवर." त्या मामांकडे वळल्या. "खोली हाय ना रं मोकळी?"

"हाय की. धान्याची कणगी हालवतो."

 दोन्ही कार्यकर्ते मोबाईलमध्ये बघू लागले. पाच महिन्यांपूर्वी विधवा झालेली उमेदवाराची आई ऐन निवडणुकीत घर सोडून माहेरी गेली, सोबत कुत्रं, ही बातमी मिरजगावच्या चौकात पोचायला किती वेळ लागेल याचा हिशोब तिथं प्रत्येकानं केला. वहिनींनी तो करून मग तोंड उघडलं होतं का, हे मला आजही सांगता येत नाही. मला वाटतं, नाही. त्यांना जायचंच होतं. त्या आत जाऊन दोन लुगडी आणि भाकरीचा तवा घेऊन आल्या. नेवाशात तवा मिळत नाही असं नाही.

"राहू दे मग," भाचा म्हणाला. "दोन्ही राहू देत इथंच."

वहिनी तवा घेऊन परत आत गेल्या. जाताना म्हणाल्या, "दादा, च्या घे."

मामांनी चहा घेतला. गाडी रिकामी कशी न्यायची म्हणून वहिनींनी चाळीतल्या कांद्याच्या दोन गोण्या तिच्यात टाकायला लावल्या. गोण्या बांधायला दोर कामी आला. भाच्यानं निघताना दोन्ही कुत्र्यांचा एक फोटो काढला. संध्याकाळी तो त्याच्या स्टेटसला होता, खाली लिहिलं होतं, 'जुन्या-नव्याचा संगम, हीच आमची परंपरा.' फोटोत कुत्रा कॅमेऱ्याकडे पाठ करून बसला आहे.

त्या दोघांची मैत्री झाली असं मी म्हणणार नाही. पिल्लू आता कुत्र्याच्या दुप्पट झालं आहे आणि अजून त्याला वाट देतं. कुत्रा त्याला सहन करतो, अधूनमधून त्याच्या अस्तित्वाचा वास घेतो. मलाही त्या दिवशी आनंद झाला असं लिहायला हरकत नव्हती, पण झाला नव्हता. एक काम उरकलं, एवढंच जाणवलं. भावासाठी रडू येईल म्हणून मी वाट बघत होते, ते तेव्हाही आलं नाही.

सोमवारी सकाळी मी नेहमीच्या वेळी तयार होऊन ओसरीवर बसले. चालण्याची आता गरज नव्हती, पण सवय लागली होती. फाटकाचा आवाज आला म्हणून वर बघितलं तर वहिनी वाटेला लागल्या होत्या. दोन्ही दोर त्यांच्याच हातात होते. पिल्लू उजवीकडे ओढत होतं, कुत्रा डावीकडे नीट चालत होता, आणि त्या मधून जरा तिरक्या, काही तरी सांगत चालल्या होत्या. मला त्यांनी हाक मारली नव्हती. मी थोडा वेळ बसले, मग चपला काढून ठेवल्या.